मांजराच्या पोटातल्या शिरा : विच्छेदनाची वही

५ जानेवारी

काम ठरलं. पाळीव मांजराच्या उदरातल्या मोठ्या शिरा सोडवायच्या, मोजायच्या आणि भिंतीवर लावता येईल एवढ्या तक्त्यावर काढायच्या. आतापर्यंत वापरात असलेला तक्ता कुत्र्याचा आहे. कुणीतरी खाली पेनानं 'मांजरातही असेच' लिहून ठेवलंय. ते 'असेच' कितपत खरं आहे, हे बघायचं.

देह तीन आहेत, तिन्ही मालकांनी संमतीनं दिलेले. म-१ प्रौढ नर. म-२ मादी, वंध्यीकरण झालेली. या दोघांत लॅटेक्स (भरल्यावर थिजणारं रंगीत द्रव रबर) आधीच भरलेलं आहे : धमन्यांत लाल, आणि मानेतल्या कंठशिरेतून हृदयाच्या दिशेनं सोडलेलं निळं. म-३ नर, अजून कोरा, फ्रीजरमध्ये. त्यात रंग आम्हीच भरायचा, आणि आतड्यांकडचं रक्त यकृतात नेणाऱ्या पोर्टल शिरेत पिवळा रंग वेगळा.

शाळेत आम्ही रोहिणी आणि नीला असे शब्द शिकलो होतो. तेव्हा नीला हे मुलीचंच नाव वाटायचं. आता ट्रेमध्ये निळं लॅटेक्स बघताना तो शब्द अगदी चपखल वाटतो, पण रोज बोलताना तोंडात शीरच येते. वहीतही शीरच लिहिणार.

८ जानेवारी

म-१ उघडलं. त्वचेखाली सगळ्यात आधी भेटते ती पोटाच्या पुढच्या भिंतीतली वरवरची शीर. मादीत ती स्तनग्रंथींच्या रांगेखालून जाते, या नरात नुसती बारीक निळी रेघ. स्नायूंचे थर भराभर कापले. नाभीपासून यकृताकडे जाणाऱ्या पडद्यात भरपूर चरबी साठलेली, ती सगळी काढूनच टाकली. त्याखाली वपाजाल. जाळीसारखं, ओलं, आतड्यांवर अंथरलेलं.

एक सूचना स्वतःलाच : मांजर पाठीवर निजलेलं आहे, म्हणून त्याचं उजवं माझ्या डावीकडे. आज दोनदा चुकीची चिठ्ठी लावली. उद्यापासून ट्रेच्या दोन्ही कडांना 'उ' आणि 'डा' चिकटवायचं.

१० जानेवारी

आंत्रबंध, म्हणजे आतड्यांना धरून ठेवणारा पडदा, पसरून टाचण्या लावल्या. म-१मध्ये पोर्टल शाखेत रंग नाही, त्यामुळे आतड्यांकडून येणाऱ्या शिरा तपकिरी, चपट्या, आत वाळकं रक्त. शिरांचं हेच दुखणं. धमनीची भिंत जाड, ती रिकामी झाली तरी नळीचा आकार धरून राहते. शीर रिकामी झाली की कागदासारखी बसते आणि आजूबाजूच्या पडद्यात हरवते. रंग भरलेला नसेल तर बोटानंच ओळखायची.

दुपारी घोटाळा. आंत्रबंधाच्या चरबीत, शिरांच्या कडेनं, लांबट पांढरट मोत्यांसारखे कण दिसले. जेमतेम मिलिमीटरभर, अर्धपारदर्शक. मला वाटलं लॅटेक्स गळून त्याचे थेंब थिजलेत. पण लॅटेक्सला रंग असतो आणि याला नव्हता. एक कण उचलून भिंगाखाली धरला तर कांद्याच्या पाकळ्यांसारखे एकावर एक थर. पचिनीचे कण! दाब आणि कंपन ओळखणारी चेतातंतूंची टोकं. मांजराच्या आंत्रबंधात ती नुसत्या डोळ्यांना दिसतात हे वाचलेलं होतं, म्हणूनच ती अभ्यासाला इथूनच घेत आलेत. तरी समोर आल्यावर ओळखली नाहीत. शिरांच्या तक्त्यात त्यांचं काही काम नाही. पण चार कण काचपट्टीवर ठेवून दिले.

१३ जानेवारी

आज महाशीर, शरीराच्या मागच्या भागातलं रक्त हृदयाकडे नेणारी. पुस्तकात पश्च महाशीर, आमच्या तोंडात 'कावा'. आतडी उजवीकडून डावीकडे सारली की कण्याच्या लगत दोन नळ्या शेजारी शेजारी : डावीकडे लाल महाधमनी, उजवीकडे निळी महाशीर. मूत्रपिंडांच्या मागे, शेपटीकडे, तिची जाडी ६ मिमी, मूत्रपिंडांच्या पुढे, डोक्याकडे, ८. वाटेत येऊन मिळणाऱ्या शिरा रक्ताची भर घालत जातात, म्हणून ती पुढे पुढे जाडच होत जाते.

मांजराचं मूत्रपिंड मला या कामात सगळ्यात देखणं वाटलं. आवरणाखालून शिरा फुटून पृष्ठभागावर पसरतात आणि सगळ्या आतल्या खाचेकडे वळतात, जाळीदार पानाच्या शिरांसारख्या. जुन्या तक्त्यातल्या कुत्र्याच्या मूत्रपिंडावर असं काही नाही. पहिला फरक इथेच सापडला. आवरण सोलायचा मोह झाला होता, बरं झालं सोललं नाही. सोललं असतं तर या शिराही निघून आल्या असत्या.

डावी वृक्कशीर, म्हणजे मूत्रपिंडाची शीर, १९ मिमी लांब, उजवी अवघी ८. कारण सरळ आहे : महाशीर उजवीकडे, म्हणून डावीला महाधमनी पोटाकडच्या बाजूनं ओलांडून यावं लागतं. प्रत्यारोपणासाठी दात्या मांजराचं डावं मूत्रपिंड पसंत करतात ते यामुळेच. लांब शीर जोडायला सोपी.

डाव्या वृषणाची शीर या डाव्या वृक्कशिरेत येऊन मिळते, महाशिरेत नाही. उजवी मात्र थेट महाशिरेत. हे दाखवायला म्हणून डावी शीर चरबीतून सोडवत होते, कात्रीचं टोक जरा जास्त आत गेलं आणि संगमापाशीच तुटली. लॅटेक्सचा निळा दोरा चिमट्यात आला. जाडी जेमतेम १ मिमी. सरांनी बघितलं, म्हणाले, "कात्री कशाला घेतलीस? बोथट प्रोबनं सोडव. चरबी आपणहून बाजूला होते, शीर आपणहून होत नाही." तुटलेलं टोक जागेवर ठेवून फोटो काढला.

१४ जानेवारी

फक्त तासभर. मूत्रपिंडांजवळच्या अधिवृक्क ग्रंथी. दोन्ही बाजूंना मध्यपटल आणि पोटाची भिंत यांच्याकडून येणारी शीर ग्रंथीच्या पोटाकडच्या बाजूवरून आडवी जाते आणि महाशिरेला मिळते. तिच्या जोडीची धमनी पाठीकडच्या बाजूनं. म्हणजे ग्रंथी दोघींच्या मध्ये दाबलेली. शीर उचलल्यावर ग्रंथीवर तिची खाच उरते. शस्त्रक्रिया करणारे ही ग्रंथी शोधताना आधी ही शीरच शोधतात.

१७ जानेवारी

आजचं काम सोपं असायला हवं होतं. महाशीर पूर्ण मोकळी करून, दोन्ही मूत्रवाहिन्या तक्त्यात खुणेपुरत्या दाखवायच्या. डावी झाली. उजवी मूत्रपिंडातून निघाली, महाशिरेच्या कडेकडेनं मागे आली आणि चौथ्या कटिमणक्याच्या आसपास गायब.

पहिला विचार अर्थातच हा की आपण तोडली. १३ तारखेनंतर स्वतःवर विश्वास कमीच होता. कापलेलं टोक शोधायला चरबीचा प्रत्येक तुकडा उलटून बघितला. टोक नाही. मग मागून, मूत्राशयाकडून उलट सुरुवात केली. तिथे उजवी मूत्रवाहिनी शाबूत. ती पुढे पुढे आणत गेले तर ती महाशिरेच्या पोटाकडच्या बाजूवर चढली, ओलांडून आतल्या कडेला गेली आणि महाशीर व महाधमनी यांच्या फटीत घुसली.

बोथट प्रोब महाशिरेखाली सरकवून ती अलगद उचलली. खाली, शीर आणि कण्याचे स्नायू यांच्या मधोमध, एक चपटी फिकट दोरी आडवी जात होती. तुटलेली नव्हतीच. बाहेरून आत, शिरेच्या मागून, मग फटीतून वर आणि शिरेला वळसा घालून मूत्राशयाकडे. सगळा प्रवास जेमतेम दीड सेंटिमीटरचा.

सरांना हाक मारली. ते वाकून बघत राहिले, मग खुर्ची ओढून बसले. "चित्र काढ," एवढंच म्हणाले. "आता कशालाही हात लावू नकोस."

संध्याकाळपर्यंत तिन्ही बाजूंनी पेन्सिलीनं काढलं.

१८ जानेवारी

अशा मूत्रवाहिनीला महाशिरेभोवती वळसा घातलेली म्हणतात, आणि मांजरात ती अजिबात दुर्मीळ नाही. तीनशेहून जास्त मांजरांचे देह तपासून केलेल्या एका पाहणीत साधारण तिसऱ्या हिश्शात ती आढळली, बहुतेक वेळा उजवीकडेच. माणसात हाच प्रकार विरळा समजतात. बऱ्याच मांजरांना त्याचा काही त्रास होत नाही. काहींत मात्र वळशाच्या जागी मूत्रवाहिनी अरुंद झालेली सापडते, म्हणून मूत्रवाहिनीवर शस्त्रक्रिया करणाऱ्याला हे आधीच माहीत असलेलं बरं.

दोष मूत्रवाहिनीचा नाही, शिरेचा आहे. हे मला समजायला सकाळ गेली. सरांनी फळ्यावर भ्रूण काढला. कण्याच्या दोन्ही बाजूंना शिरांच्या जोड्या एकामागून एक तयार होतात : आधी पश्च कार्डिनल, मग सबकार्डिनल, शेवटी सुप्राकार्डिनल. नंतरची आली की आधीची बरीचशी विरून जाते. मूत्रपिंडांच्या मागची महाशीर नेहमी उजव्या सुप्राकार्डिनलपासून बनते. ती मूत्रवाहिनीच्या पाठीकडे असते, म्हणून मूत्रवाहिनी पोटाकडे मोकळी राहते. पण पश्च कार्डिनल शीर मूत्रवाहिनीच्या पोटाकडच्या बाजूला असते. उजवीकडे विरायची तीच टिकली आणि महाशीर बनली, तर मूत्रवाहिनी तिच्यामागे अडकणार. आणि सुप्राकार्डिनल दोन्ही बाजूंच्या टिकल्या तर मूत्रपिंडांच्या मागे महाशिरा दोन. तेही मांजरात सापडतं.

डाव्या वृषणशिरेचं कोडंही याच फळ्यावर सुटलं. दोन्ही बाजूंच्या सबकार्डिनल शिरांना जोडणारा आडवा पूल असतो, त्याचीच पुढे डावी वृक्कशीर होते. डाव्या सबकार्डिनलचा मागचा अवशेष त्या पुलालाच टांगलेला राहतो, तीच वृषणशीर. मी तोडली ती.

हे सगळं ज्या भ्रूणांवर उलगडलं गेलं ती मांजराचीच होती, हे ऐकून मजा वाटली. हंटिंग्टन आणि मॅक्ल्यूर या दोघांनी पाळीव मांजरातल्या शिरांच्या वाढीवरचं मोठं काम १९२० मध्ये छापलं. माणसाच्या महाशिरेचे दोष समजावतानाही त्यातूनच आलेली सुप्राकार्डिनल शीर वापरतात. आणि आमच्या भिंतीवर मात्र मांजर म्हणजे कुत्र्याच्या चित्राखालची पेनाची ओळ.

२२ जानेवारी

म-२. दोन दिवसांत उरकलं, हात बसलाय आता. उजवी मूत्रवाहिनी सरळ, शिरेमागे न अडकलेली. पण उजव्या मूत्रपिंडाला वृक्कशिरा दोन. वेगवेगळ्या निघून ४ मिमी अंतरानं महाशिरेत शिरतात. जास्तीची शीर मांजरात डावीपेक्षा उजवीकडेच जास्त आढळते. आवरणावरच्या शिरा म-१सारख्याच ठसठशीत.

अंडाशयाच्या शिरा वंध्यीकरणात बांधलेल्या, त्यामुळे दोन्ही बाजूंना निळा रंग मध्येच थांबतो आणि पुढे नुसता तंतू. डावा तंतू वृक्कशिरेशी, उजवा महाशिरेशी. रक्त नाही, पण रस्ता वाचता येतो.

मागचं टोक सावकाश सोडवलं. महाशीर सुरू होते ती सातव्या कटिमणक्याच्या आसपास, मागच्या पायांकडून आणि ओटीपोटाकडून येणाऱ्या दोन्ही सामाईक श्रोणीशिरा मिळून. इथे गंमत आहे. शिरेला सामाईक फाटा आहे, धमनीला नाही. महाधमनीतून बाह्य श्रोणीधमन्या थेट फुटतात, मग आतल्या दोन वेगळ्या. माणसाचं चित्र डोक्यात ठेवून चिठ्ठ्या लावल्या की इथे एक चिठ्ठी हातात उरते. माझ्याही उरली.

कुशीच्या भिंतीकडून येणारी खोल शीर म-१मध्ये महाशिरेला मिळत होती, इथे सामाईक श्रोणीशिरेला. दोन्ही चालतं.

२७ जानेवारी

म-३मध्ये पिवळं भरायचा दिवस. निळं कालच भरून झालं होतं. आतड्याची एक शीर उघडून बारीक नळी यकृताच्या दिशेनं आत सरकवली, दोऱ्यानं बांधली. लॅटेक्स अमोनियात ठेवलेलं असतं, झाकण उघडलं की डोळ्यांत पाणी.

पहिली पिचकारी छान गेली. आंत्रबंधातली शीर पिवळी होत होत यकृताच्या दाराशी पोचली. दुसरीला मी घाई केली. दाब वाढला, दोरा सरकला, नळी बाहेर. पिवळं लॅटेक्स आंत्रबंधाच्या दोन पदरांमध्ये पसरून त्याचं तळहाताएवढं डबकं झालं. नशीब एवढंच की तोपर्यंत मुख्य शीर भरली होती. डबकं थिजू दिलं आणि दुसऱ्या दिवशी चिमट्यानं सालीसारखं उचकटून काढलं. खालच्या बारीक शिरा गेल्याच. पण मोठ्या सगळ्या राहिल्या.

३० जानेवारी

आता पोर्टल शीर नीट दिसतेय आणि म-१मधल्या तपकिरी चपट्या पट्ट्यांचा अर्थ आज लागला. लहान आतड्याकडून येणारी मोठी शीर, मोठ्या आतड्याच्या शेवटाकडून येणारी लहान शीर, मग डावीकडून प्लीहेची. प्लीहेची शीर स्वादुपिंडाच्या डाव्या फाट्याला धरून येते आणि वाटेत जठराची डावी शीर आपल्यात घेते. यकृताच्या अलीकडे जठर, आद्यांत्र आणि स्वादुपिंड यांची सामाईक शीर. या सगळ्या मिळून ४ मिमीची एक पिवळी नळी.

यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश या नळीतून येतं, धमनीतून फक्त उरलेलं. मुख्य नळीत झडपा नाहीत, दाब कमी. म्हणजे पुढे अडथळा आला की रक्त मागे तुंबायला काही अडचण नाही.

दुपारी सरांनी एक गोष्ट करायला लावली ती इथे नीट लिहून ठेवते. यकृताचा पुच्छखंड वर उचलायचा. त्याच्या आडोशाला एक फट आहे, वपाजालाच्या पिशवीचं दार. फटीच्या पाठीकडच्या भिंतीत महाशीर, पोटाकडच्या भिंतीत पोर्टल शीर. प्रोब आत घातला तेव्हा त्याच्या एका बाजूला निळं आणि दुसऱ्या बाजूला पिवळं, मध्ये फक्त प्रोबची जाडी. शरीरातल्या दोन वेगळ्या शिरासंस्था इतक्या जवळ येतात. एकीतलं रक्त अजून यकृतातून जायचंय, दुसरीतलं थेट हृदयाकडे चाललंय.

काही पिल्लांत जन्मतःच या दोघींच्या मध्ये आडवाट असते. आतड्यातलं रक्त यकृताला बगल देऊन महाशिरेत शिरतं, अमोनिया साफ होत नाही, पिल्लू खुरटतं, लाळ गाळतं, कधी झटके येतात. अशा बऱ्याच मांजरांचे डोळे तांब्याच्या रंगाचे असतात, हे चिन्ह पशुवैद्यांना चांगलं माहीत आहे. मांजरात अशी वाट बहुधा यकृताच्या बाहेर आणि एकच असते. जठराच्या डाव्या शिरेतून निघणारी त्यात बऱ्याचदा आढळते. म-३मध्ये तसं काही नाही, पण ती कुठून निघेल ते बोट ठेवून दाखवता येतं.

एक अपवाद चिठ्ठीवर लिहिला : मोठ्या आतड्याच्या अगदी शेवटच्या भागातलं रक्त पोर्टलकडे जात नाही, श्रोणीशिरांमधून महाशिरेत जातं. गुदद्वारातून दिलेल्या औषधाचा काही भाग यकृताला चुकवतो तो याच वाटेनं.

३ फेब्रुवारी

यकृत कापलं. पोर्टल शीर आत शिरताना मांजरात उजवी, मधली, डावी अशा तीन शाखा होतात. कुत्र्यात उजवी आणि डावी अशा दोनच. तक्त्यातला दुसरा फरक. पातळ कापांमध्ये पिवळे ठिपके आणि निळे ठिपके वेगवेगळे, कुठेही मिसळलेले नाहीत. दोघांना जोडणाऱ्या पोकळ्या इतक्या सूक्ष्म की लॅटेक्स तिथून पलीकडे जातच नाही.

निळे ठिपके म्हणजे यकृतशिरा. त्यांना बाहेरून सोडवता येत नाही, त्या यकृताच्या आतच महाशिरेत उघडतात, कारण महाशीर स्वतःच यकृतात रुतलेली आहे. चाकू मागून पुढे, तिच्या नळीला धरून चालवला तेव्हा आतून तोंडं दिसली. डावीकडचं सगळ्यात मोठं. यापुढे महाशीर मध्यपटलातल्या आपल्या भोकातून छातीत जाते आणि माझं काम संपतं.

८ फेब्रुवारी

तक्त्यावरून सरांशी वाद. त्यांचं म्हणणं, मुख्य चित्र म-३चं घ्यावं, त्यात पोर्टलही आहे आणि मूत्रवाहिनीही सरळ (हो, म-३ची सरळ निघाली). म-१चा वळसा खालच्या कोपऱ्यात छोट्या चौकटीत. माझं म्हणणं, जी गोष्ट तिसऱ्या हिश्शात सापडते तिला कोपऱ्यात टाकलं तर शिकणारा तिला विचित्र प्रकार समजून विसरून जाईल. आमच्या तिनांत एक सापडलं हा योगायोग, त्यावर मी काहीच उभं करत नाहीये. पाहणीच्या आकड्यावर करतेय.

"जागा कुठाय?" असं विचारलं त्यांनी. जागा मोजून दाखवली. यकृताच्या आतल्या शाखांचं चित्र लहान केलं तर मूत्रपिंडांच्या मागच्या भागाची दोन चित्रं सारख्याच मापात शेजारी शेजारी बसतात. सर थोडा वेळ पट्टी धरून उभे राहिले, मग म्हणाले, "मग म-२च्या दोन वृक्कशिराही त्याच रांगेत घे."

१२ फेब्रुवारी

तीन चित्रं, एका रांगेत, एकाच मापाची. तुटलेली डावी वृषणशीर फोटोवरून पूर्ण केली आणि तिथे फुली मारून ठेवली, जोड माझा आहे हे कळावं म्हणून.

म-१च्या चित्रात मूत्रवाहिनी निळ्याच्या मागे जाते तिथे तुटक रेघ काढली. पहिल्यांदा पेन्सिल बारीक पडली, निळ्या रंगात रेघ दिसेना. निळं थोडं पुसून फिकं केलं, मग दिसली. चिठ्ठीवर 'उजवी मूत्रवाहिनी, महाशिरेच्या मागून' लिहिलं. जुना तक्ता उतरवला तेव्हा खालची पेनातली ओळ कापून वहीत चिकटवली.